मत हे वतन नव्हे

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वस्तीत एक माणूस वही घेऊन फिरू लागतो. पर्वतीच्या पायथ्याची ही वस्ती त्या वहीत गल्लीवार लिहिलेली असते आणि प्रत्येक घरापुढे मतांचा आकडा असतो. तो माणूस कुणाला काही विचारीत नाही. 'ही पाच आपलीच' असे म्हणून खूण करतो आणि पुढच्या दारात जातो. एका निवडणुकीच्या वेळी मी त्याला थांबवून विचारले, "आमची पाच मते तुमची कशी?" तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमच्या वडिलांपासून आहेत की!" वडील उंबऱ्यावरच बसले होते. तेही म्हणाले, "खरंय त्याचं."

वडिलांनी तीस वर्षे महापालिकेत बिगारी म्हणून काढली. पहाटे कोठीवर हजेरी, मग झाडू. मी घरातला पहिला पदवीधर. नव्वदच्या सुमारास त्या पक्षाच्या माणसाने आमच्या गल्लीत नळ आणून दिला, तेव्हापासून वडिलांचे मत ठरलेले आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे ते म्हणतात. नळ महापालिकेचा, पाणी खडकवासल्याचे, पट्टी आम्ही भरतो. उपकार मात्र पक्षाचे! वडील लाचार नाहीत. इमान राखणे हाच त्यांचा स्वाभिमान आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे अवघड जाते.

'वडिलांपासून' हा शब्द आमच्या घराला नवा नाही. आजोबा खेड तालुक्यातल्या एका गावात येसकरकी करीत. ती त्यांना वडिलांपासून आली होती आणि त्यांच्या वडिलांना त्यांच्या वडिलांपासून. पाटलाचा सांगावा पोचवायचा, सारा भरणाऱ्यांना चावडीवर बोलावून आणायचे, मेलेले जनावर ओढायचे आणि सांज झाली की दारोदार भाकरी मागायची. कामाला वेळेचे बंधन नाही, मोबदल्याला हिशेब नाही, 'नाही' म्हणण्याची सोय नाही. याला वतन म्हणत, आणि तो मान आहे असेही सांगत. आज आमच्या मताकडे पाहिले तर त्यात आणि त्या वतनात मला फारसा फरक दिसत नाही. तेही वडिलोपार्जित, तेही गृहीत धरलेले, त्याचाही मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. पक्ष पाहून नव्हे तर प्रश्न पाहून मत द्यावे, हे वाक्य सुशिक्षितांच्या व्याख्यानांत पुष्कळदा ऐकू येते. आपल्या समाजाने ते कधी आचरले होते काय, आचरले तेव्हा काय मिळाले आणि काय हातचे गेले, हे इतिहासात तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मत आणि निष्ठा यांचा झगडा पुण्याला नवीन नाही. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या वेळचे सभासद सरकारने नेमलेले असत. ज्याने नेमले त्याच्या बाजूने हात वर करायचा, ही रीत. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठरावाला मते पडली तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. ज्या सरकारने स्त्रीशूद्रांच्या शिक्षणाला वाट दिली असे ते स्वतः मानीत, त्याच सरकारच्या स्वागताला त्यांनी 'नाही' म्हटले. इंग्रजी राज्याचे जे बरे वाटले ते बरे म्हटले, आणि पैशाचा प्रश्न आला तेव्हा तो पैसा कोणाचा आणि कशासाठी, एवढेच पाहिले. बाकीच्या एकतीस सभासदांनी कशाकशाच्या बाजूने मते दिली हे आज कोणाच्या लक्षात नाही. पडलेले मत मात्र दीडशे वर्षे होत आली तरी सांगितले जाते.

पण जोतीरावांना सभेत मत तरी होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला ते नव्हते. ज्याच्याकडे जमीन, घरदार, सारा, त्यालाच मताचा हक्क. या ठिकाणी १९२८ या एका सालाकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. महारांना वतनाच्या गुलामीतून सोडवणे हा त्याचा उद्देश. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला पुण्यात त्यांची सायमन कमिशनपुढे साक्ष झाली, आणि त्यांनी प्रौढ मतदानाचा हक्क मागितला. वतन तोडा आणि मत द्या, या दोन मागण्या सात महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाने केल्या. ज्याच्या मनगटात वतनाची बेडी आहे त्याच्या हाती मत देऊन उपयोग नाही, आणि ज्याच्या हाती मत नाही त्याची बेडी कोणी तोडणार नाही, हे त्यांना दिसत होते. काँग्रेसने त्या कमिशनवर बहिष्कार घातला होता. बाबासाहेब गेले म्हणून त्यांना सरकारचे हस्तक ठरवण्यात आले. देशाशी निष्ठा म्हणजे एका पक्षाशी निष्ठा, असा तेव्हाही हिशेब होता. त्यांनी तो मानला नाही.

पुढे चार वर्षांनी याच शहरात, येरवड्याच्या तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघातले एक आणि सर्वसाधारण मतदारसंघातले एक, अशी दोन मते दिली होती. करारानंतर प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. पण चार उमेदवारांची प्राथमिक निवड तेवढी आपल्या हाती राहिली, अखेरची निवड सर्वांच्या मतांवर गेली. याचा अर्थ काय, हे १९४६ च्या निवडणुकांत कळले. प्राथमिक फेरीत ज्यांना अस्पृश्य मतदारांनी पुढे केले ते शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अंतिम फेरीत पडले. जुलै १९४६ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलपुढे फेडरेशनने सत्याग्रह केला तो याच अन्यायाविरुद्ध. राखीव जागेवर बसलेला माणूस कोणाच्या मतांनी बसला, तो त्यांचेच ऐकणार, हा साधा व्यवहार त्या सत्याग्रहींनी ओळखला होता.

स्वातंत्र्य आले, घटना आली, प्रत्येक प्रौढ माणसाला मत आले. आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, घटना लिहिणारा माणूस पडला. उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. त्या मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती, ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. चौऱ्याहत्तर हजारांवर मते बाद झाली. पक्षाची शिस्त म्हणून मतदारांना मत वाया घालवायला शिकवले गेले, अशी तक्रार बाबासाहेबांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. अर्ज फेटाळला गेला.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तीही दोन जागांची. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये. म्हणजे दुसऱ्या कोणाचे पारडे जड होणार नाही. निवडणुकीचे गणित म्हणून हे चूक नव्हते. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्या मतासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते जाळा, असे आपल्याच लोकांना सांगायला ते तयार झाले नाहीत. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. आपल्या मतदारांनी दुसरे मत प्रामाणिकपणे दिले. समोरच्यांनी ते तितक्या प्रामाणिकपणे परत केले नाही. हा पराभव आपण शोक म्हणून आठवतो. तो मताविषयीचा धडा म्हणून आठवला पाहिजे.

आता १९५७ कडे येऊ. महाराष्ट्रातला मतदार पक्ष विसरून एका प्रश्नावर उभा राहिला असे जर कोणते वर्ष असेल तर ते हेच. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा, असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मांडवाखाली आले. मुंबईतला गोळीबार आणि १ नोव्हेंबर १९५६ चे द्वैभाषिक राज्य लोकांच्या डोळ्यांपुढे होते. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारखा मोठा काँग्रेस पुढारी लोकसभेला पडला आणि ना. ग. गोरे निवडून आले. एस. एम. जोशी पुण्यातून विधानसभेवर गेले. मावळात जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी आले.

या प्रश्नावर बाबासाहेबांचे म्हणणे मात्र इतरांसारखे सरळ नव्हते. १९४८ च्या निवेदनात त्यांनी मुंबईसह महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे सुचवले. मोठ्या भाषिक राज्यात एका बहुसंख्य जातीची सत्ता होईल आणि गावोगाव विखुरलेल्या लहान जाती तिच्या दयेवर राहतील, ही त्यांची भीती होती. तरीही फेडरेशन समितीत सामील झाले. भीती बाळगूनही लढ्यात उतरले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत मतदान झाले.

जे मुंबईत आणि भंडाऱ्यात झाले नाही ते त्या वेळी झाले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावमधून बी. सी. कांबळे आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडमधून बाळासाहेब साळुंके फेडरेशनतर्फे लोकसभेवर निवडून आले. हे तिन्ही मतदारसंघ राखीव नव्हते. म्हणजे मराठा, माळी, कुणबी, ब्राह्मण अशा मतदारांनी आपल्या पेटीतले मत महारवाड्यातल्या पक्षाला दिले. माणसे एका रात्रीत बदलली होती काय? तसे मला वाटत नाही. प्रश्न बदलला होता. मतदाराच्या मनात जातीहून आणि पक्षाहून मोठा प्रश्न उभा राहिला तर त्याचा हात वेगळ्या पेटीकडे जाऊ शकतो, एवढे १९५७ ने सिद्ध केले.

आजोबांनी खेडमध्ये त्या वेळी पहिल्यांदा मत दिले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. वाचता न येणाऱ्याने चिन्ह पाहून चिठ्ठी टाकायची. आजोबा सांगत की त्या वर्षी गावातली मोठी माणसे महारवाड्यात आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "यंदा तुमचा तो आमचा." आजोबांना त्याचे फार अप्रूप होते. मी एकदा विचारले, "मग पुढे?" ते म्हणाले, "पुढं काय? दुसऱ्या दिवशी घुंगरकाठी घेतली आन् चावडीवर गेलो." निवडून दिला तो आपला माणूस दिल्लीत गेला, निवडून देणारा आपला माणूस चावडीवर तसाच उभा. विहीर तीच, पाणी वाढणारा हात तसाच वरून.

या आठवणीत १९५७ चे यश आहे आणि त्याची मर्यादाही आहे. आपण प्रश्नावर मत दिले; पण तो प्रश्न समितीचा होता. आपला प्रश्न, म्हणजे जमीन, वतन, पाणी, समितीच्या पहिल्या पानावर नव्हता. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर पाहू, असे ठरले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. प्रश्न सुटला तशी समितीही सुटली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या देशभरात तीन जागा आल्या आणि त्या तिन्ही उत्तर प्रदेशातल्या होत्या. ज्या महाराष्ट्राने पाच वर्षांपूर्वी राखीव नसलेल्या जागांवर आपली माणसे निवडून दिली होती तिथून एकही नाही. दुसऱ्याच्या प्रश्नावर उसने मिळालेले मत, प्रश्न संपल्यावर धन्याकडे परत गेले.

याच काळातली आणखी एक गोष्ट पक्षनिष्ठेच्या दोन्ही बाजूंना अडचणीत टाकणारी आहे. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बिल मांडले ते वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले आणि तो कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. आजोबांची घुंगरकाठी त्या कायद्याने सुटली. तो कायदा केला तेव्हा राज्यावर काँग्रेसचे सरकार होते, म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध आजोबांनी चिठ्ठी टाकली होती त्याच पक्षाचे. मग आजोबांनी त्या पक्षाचे जन्मभर ऋणी व्हावे काय? तीस वर्षांची मागणी, बाबासाहेबांची चळवळ आणि १९५७ मध्ये बसलेला मतांचा तडाखा वजा केला तर त्या कायद्याचे श्रेय किती उरते, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे. गृहीत धरलेल्या मतासाठी कोणी कायदा करीत नाही. हातचे जाईल अशी धास्ती वाटते त्याच मतासाठी करतात.

आपला प्रश्न पहिल्या पानावर आणण्याचा प्रयत्न त्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी केला. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेला सत्याग्रह हे ते प्रयत्न. माणसे लाखोंनी तुरुंगात गेली. पण तुरुंगात गेलेल्या त्या माणसांची मते पुढे गटागटांनी वाटली गेली. १९६७ नंतर समझोते झाले आणि कार्यकर्ता प्रश्नांऐवजी जागा मोजू लागला. याची चीड दलित पँथरने जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत दाखवली. खेड्यापाड्यांत अत्याचार होत असता मत मागायला येता कसे, असे विचारून पँथरने बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. गृहीत धरलेले मत न पडल्याने काय होते ते सत्ताधाऱ्यांना कळले. त्याची किंमत वरळीच्या चाळींनी दंगलीत मोजली, हेही विसरता कामा नये.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून घेतला जाईल. गरिबाजवळ एकजुटीशिवाय दुसरे बळ नाही. प्रत्येकाने आपापला प्रश्न पाहून मत दिले तर दहा मते दहा दिशांना जातील आणि समोरचा हसेल. आक्षेप खरा आहे. एकट्याने घरात बसून केलेला विचार आपल्याला परवडणारा नाही. पण एकजूट पक्षाच्या नावाभोवती करायची की प्रश्नाभोवती? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ मध्ये फेडरेशन काढले आणि अखेरीस रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. वीस वर्षांत स्वतःचे पक्ष त्यांनी स्वतः मोडले. मजूर पक्षाने खोती रद्द करण्याचे बिल आणले तेव्हा कोकणातले कुणबी त्यांच्याबरोबर चालले. कम्युनिस्टांशी त्यांचे किती मतभेद होते ते सर्वांना ठाऊक आहे; तरी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांविरुद्धच्या बिलाला विरोध म्हणून झालेल्या संपात ते कम्युनिस्टांबरोबर उतरले. घटना समितीतल्या अखेरच्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध सावध केले. ज्याने आपल्या पक्षाचीही मूर्ती केली नाही, त्याचे नाव घेऊन आपण कोणत्याही चिन्हाची पूजा करावी हे बरे नव्हे.

म्हणून प्रश्नावर मत द्यायचे तर तीन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत, असे मला या इतिहासातून दिसते. प्रश्न आपला हवा आणि तो वस्तीने बसून ठरवलेला हवा. तो मतदानाआधी समोरच्याच्या तोंडून वदवून, तारीख घालून लिहून घेतलेला हवा. नंतर पाहू म्हणणाऱ्याला आपणही नंतर पाहू म्हणावे. आणि निवडणूक झाल्यावर तो कागद फेकून न देता पुढच्या निवडणुकीपर्यंत जपून ठेवला पाहिजे. १९५७ मध्ये पहिली गोष्ट अर्धी झाली, दुसरी झाली नाही, आणि तिसरीचा प्रश्नच आला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत संविधानाचा प्रश्न वस्त्यावस्त्यांत बोलला गेला. ते चांगलेच झाले. पण त्या मतांचा हिशेब कोणी लिहून ठेवला आहे काय?

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. तेवढ्या काळात तो वहीवाला आमच्या गल्लीत फिरकला नाही. नळाला पाणी कमी येऊ लागले तेव्हा वडील त्याला शोधत दोनदा जाऊन आले. तो भेटला नाही. दुसऱ्यांदा परत आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी ती पोरं काय लिहितात वहीत?"

वस्तीतल्या माझ्या विद्यार्थ्यांनी एक वही घातली आहे. तीत घरांपुढे मतांचे आकडे नाहीत, प्रश्न आहेत. कंत्राटी झाडूवाल्याला किमान वेतन हातात पडते का. घर पुनर्वसनात गेले तर ते कुठे मिळणार. शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर का येते. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर देणाऱ्याचे नाव आणि तारीख यांसाठी जागा सोडली आहे. वडिलांनी त्यात आपला प्रश्न सांगितला, मी तो लिहून घेतला: सांज झाली की नळाला पाणी का नसते? मत कोणाला देणार हे त्यांनी मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. ते त्यांचे स्वतःचे आहे. त्यांच्या वडिलांपासून आलेले नाही, आणि माझ्याकडे ते वारसा म्हणून येणारही नाही.